मोगऱ्याची कड

ईरा, तुमच्या शाळेने मागचं आवार तुम्हा मुलांच्या ताब्यात दिलंय आणि तिथे बाग कशी करायची ते तुम्हीच ठरवणार आहात, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी फार काही बोलले नाही. तू विचारलंस, "आजी, तू लहानपणी बाग केली होतीस का?" मी म्हटलं, "हो, एकदा. पण चुकीची." तेवढ्यात तुझ्या भावाने, निनादने, फोन हिसकावून घेतला आणि विषय मांजरावर गेला. ते अर्धवट राहिलेलं उत्तर आता पुरं करते. लिहिलेलं बरं, कारण फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि मला सगळं क्रमाने सांगायची सवय. तुमची आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा, तिलाही अडला तर मला विचारा, पण अंदाजाने अर्थ लावू नका. असं का म्हणते ते पुढे कळेलच.

तेरा वर्षांची होईपर्यंत मी जळगावला मामांकडे वाढले. मामा शाळेत इंग्रजी शिकवत आणि घरीही त्यांची शाळा सुटत नसे. जेवताना मीठ हवं असलं तर ते इंग्रजीतच मागावं लागे. मग मामांची बदली लांब झाली आणि मला माझ्या स्वतःच्या घरी, सुरतेला, पाठवलं. घर म्हणजे उधन्याच्या एका चाळीतली दीड खोली. अण्णा, म्हणजे तुमचे पणजोबा, रेशमी कापडाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग पुन्हा सुरू करून द्यायचा, हे त्यांचं काम. आमच्या चाळीला लागूनच मागांची एक शेड होती. दिवसभर तिची खटाखट चाले आणि भिंतीवरच्या मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत. सगळे ओरडूनच बोलत. वीज गेली की माग एकदम थांबत, पण माणसांना ओरडायची सवय झालेली असे, त्यामुळे शेजारच्या काकूंचं सासूविषयीचं एखादं वाक्य अख्ख्या चाळीला स्पष्ट ऐकू येई. मग क्षणभर शांतता, आणि नंतर हसण्याचा गडगडाट. आता मी राहते त्या इमारतीत बाराव्या मजल्यावर काहीच ऐकू येत नाही. कधी कधी मी उगाच दोन वाट्या जवळ जवळ ठेवते.

मायशी माझी ओळख नव्यानेच होत होती. सुट्टीत भेटलेली आई आणि रोजची आई यांत फरक असतो. ती घरात अहिराणी बोले आणि मी मामांच्या घरचं पुस्तकी मराठी. मी "आई, मला तहान लागली आहे" म्हटलं की ती तांब्या पुढे करत म्हणे, "ल्या मास्तरीणबाई, पानी ल्या!" पण भाकरी थापताना ती मला शेजारी बसवून घेई, पहिली पापुद्रा सुटलेली भाकरी माझ्या ताटात टाकी आणि तिच्यावर लसणाचं तिखट व तेलाची धार. रविवारी फुणके आणि कढी. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, तिचे मुटके वाफवायचे आणि गरम कढीत कुस्करून खायचे. मामींच्या घरी सगळं बेताचं असे. मायचं प्रेम असं ताटात वाढूनच कळायचं, आणि ते नको म्हणायची सोय नव्हती.

अण्णांची एक इच्छा होती. मामांनी एवढं इंग्रजी शिकवलंय तर पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं. शहरात मुलींची एक चांगली शाळा होती, तिथे सगळे विषय इंग्रजीत, पण गुजराती सक्तीचं. मोठ्या टीचरांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, माझं इंग्रजी ऐकलं, मान डोलावली आणि गुजराती पुस्तक उघडून पुढे केलं. "आ पानुं वांच," त्या म्हणाल्या. आता मला गुजराती येत नव्हतं, पण ती लिपी आपल्या देवनागरीची धाकटी बहीण. वरची रेघ काढून टाकली की बरीचशी अक्षरं ओळखीची. अण्णांनी महिनाभर रोज दुकानांच्या पाट्या दाखवून उरलेलीही पाठ करून घेतली होती. मी ते पान एका दमात, कुठेही न अडखळता वाचलं. त्यात बैलाची गोष्ट होती की राजाची, मला पत्ता नव्हता. मोठ्या टीचर खूश झाल्या. "आठवीत बसवू हिला. पण गुजरातीत कच्ची निघाली तर मी ठेवणार नाही, हं." अण्णांनी दोन्ही हात जोडले. त्या आठवड्यात कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला कळलं की जॉबरची मुलगी गुजराती घडाघडा वाचते.

वर्गात माझ्या शेजारी हंसा बसे. सुरतेचीच, खात्यापित्या घरची, बडबडी. दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की मी वाचते पण मला कळत नाही. तिने ते कुणाला सांगितलं नाही. उलट तास चालू असताना ती ओठ न हलवता मला हिंदीत अर्थ सांगे. त्यात तिने इतकं प्रावीण्य मिळवलं की पुढे ती कोणत्याही लग्नात कुणाचीही चुगली ओठ न हलवता करू शकत असे. म्हणजे माझं आठवीतलं बूड हंसाच्या ओठांवर टेकलेलं होतं. ती आजारी पडली की मी देवाला नवस बोलायची.

आता बाग. शाळेच्या मागे एक ओसाड तुकडा होता. विटांचे तुकडे, काचा, एक मोडकं बाक आणि बंद पडलेली विहीर. खोरशेद टीचर आम्हाला चित्रकला शिकवत. पारशी बाई, उंच, फ्रॉकवर नेहमी एक पुरुषी कोट. त्यांनी जाहीर केलं की आठवीच्या मुली इथे बाग करतील, स्वतः आखतील, स्वतः खणतील आणि जानेवारीत शाळेच्या वार्षिक दिवशी ती सगळ्यांसाठी उघडेल. मला तर आनंदाने झोप येईना. मी आलेखाच्या कागदावर चार रंगांत आराखडा काढला. सगळे रस्ते सरळ, सगळे वाफे चौकोनी, मधोमध विहीर. टीचरांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बहु सरस, दीकरी. पण आ बागमां कोई चालशे नहीं." बाग छान आहे, पण हिच्यात कोणी चालणार नाही! मग त्यांनी घरून रांगोळीच्या पुडीचा डबा आणला, साफ केलेल्या जमिनीवर ती पांढरी पूड चाळणीने भुरभुरली आणि मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेला तिथे सोडलं. घंटा झाली तेव्हा पावलांच्या खुणा उमटल्या होत्या. फाटकापासून विहिरीकडे एक बाकदार वाट, विहिरीपासून निंबाखाली एक. "पग जां जाय, तां रस्तो," टीचर म्हणाल्या. पाय जिकडे जातात तिकडे वाट काढायची, आपल्याला वाटतं तिकडे नाही. ईरा, तुमच्या आराखड्यात काही घ्यायचं असेल तर एवढं घे. बाकी माझं काही घेण्यासारखं नाही.

त्या बाकदार वाटेची कड हंसाकडे आणि माझ्याकडे आली. आम्ही खुंट्या ठोकून सुतळी ताणली, विटा तिरक्या पुरून कडेला करवतीसारखे दात काढले. काळी माती इतकी घट्ट की कुदळ उडून परत येई. हंसाच्या हातांना फोड आले ते ती सगळ्यांना दागिन्यांसारखे दाखवत हिंडली. कडेला मोगरा लावायचं ठरलं. फुलं उन्हाळ्याशिवाय येणार नाहीत, पण रोपं आत्ताच रुजली पाहिजेत, असं टीचरांचं म्हणणं. त्यांनी यादी करून हंसाच्या हातात दिली. "तू सुरतनी छे, तू जा. सुशीलाला बरोबर ने." आणि त्याच दिवशी भावाच्या आजारपणासाठी त्या नवसारीला गेल्या.

नवरात्र तोंडावर आलं होतं. बाजारात पोहोचल्यावर हंसाने मला बियाण्यांच्या दुकानापाशी उभं केलं आणि म्हणाली, "अली सुशीला, माझा गरब्याचा घागरा, नवा चणियो, शिंप्याकडे आहे, घालून बघून येते. तू घे ना सगळं. तुला तर वाचता येतं!" आणि हसत पळाली. यादी तिच्याच दप्तरात गेली. झेंडू, तुळस, गुलबक्षी मला पाठ होतं, ते मी घेतलं. मग मी म्हटलं, "मोगरा." दुकानदार दुसऱ्याचं वजन करता करता म्हणाला, "मोगराना रोप काले आवशे."

मी ऐकलं 'काले', आणि समजले 'काल'. मोगऱ्याची रोपं काल आली होती, संपली.  टीचर परत आल्यावर कड रिकामी दिसणार! एवढ्यात मला एका उघड्या पोत्यावर खोचलेली पाटी दिसली, मोगरी. आत गोल, तपकिरी बी. आणि इथे माझ्या मामांनी शिकवलेलं व्याकरण माझ्या मदतीला धावून आलं. गाडा मोठा, गाडी लहान. लोटा मोठा, लोटी लहान. तर मोगरा मोठा आणि मोगरी म्हणजे लहान मोगरा, कडेला लावायला अगदी बेताचा. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी दुकानदाराला काही विचारलंच नाही. विचारायचं तरी कोणत्या भाषेत? आणि विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की मला येत नाही. हंसा नव्या चणियाच्या आनंदात परत आली, पुडीत डोकावली, "बी आहे का? बरं," म्हणाली. तिच्या घरी भाजी स्वयंपाकिणीच्या हातून ताटात येई. तिचं बी कसं असतं हे तिला कुठून ठाऊक! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ते बी वीतभर अंतराने पेरलं आणि त्या वर्षी दसऱ्यापासूनच दिवाळीची सुट्टी लागली. हंसा बारडोलीला मावशीकडे गेली. पाणी घालायचं काम मी मागून घेतलं.

चौथ्या दिवशी कोंब आले. मोगऱ्याला इतकी घाई असते हे मला नवीन होतं. पंधरा दिवसांत हिरवीगार, खरखरीत, रुंद पानं. मी रोज घरी येऊन वर्णन करायची. शेवटी मायच्याने राहवेना. शेतकऱ्याची लेक ती, सुरतेत येऊन तिला माती हाताळायला मिळत नव्हती. फराळाचं आटोपून ती माझ्याबरोबर चालत शाळेत आली. फाटकातून आत शिरली, वाटेवर उभी राहिली, वाकून एक पान चुरगाळून नाकाशी नेलं.

"हाई काय पेरं व माय तू?"

"मोगरा. म्हणजे मोगरी. लहान जात असते."

मायने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि मटकन वाटेवर बसलीच. "हाई मोगरा से? ह्या त डिंगऱ्या सेतस!" आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. "मोगरा कधी बियावरथून येस का? ओ मास्तरीणबाई!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डिंगऱ्या म्हणजे मुळ्याच्या शेंगा, ईरा. आपण त्यांची पीठ पेरून भाजी करतो. त्यांनाच गुजरातीत मोगरी म्हणतात. सुरतेतलं शेंबडं पोरही ते सांगेल. मी शाळेच्या बागेतल्या वाटेला मुळ्याच्या शेंगांची किनार लावली होती.

मी तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसून रोपं उपटायला लागले. मायचं हसू एकदम थांबलं. तिने माझं मनगट धरलं. "उगेल पीक कोनी उपाडस का?" तेवढं एकच बोलली, पण असं बोलली की मी हात काढून घेतला. परत जाताना ती काही काही सांगत होती, शेंगा केव्हा तोडायच्या, जून झाल्या की कशा दोरीसारख्या होतात, आणि मला एकच दिसत होतं. मोठ्या टीचरांची खोली, तेच गुजराती पुस्तक, आणि या वेळी त्या विचारणार, अर्थ सांग. मग आठवी गेली. आणि अण्णा कारखान्यात काय सांगणार?

सुट्टीनंतरच्या पहिल्याच बागेच्या तासाला खोरशेद टीचर परतल्या होत्या. कोटाच्या खिशात हात घालून त्या वाटेने दोनदा चालल्या. "आ मोगरी कोण लाव्युं?" ही मोगरी कोणी आणली? सगळ्या मुली हंसाकडे पाहायला लागल्या, कारण यादी तिच्या हातात दिलेली सगळ्यांनी पाहिली होती. हंसाने वाफ्याकडे नीट पाहिलं, आणि तिला एका क्षणात सगळं कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होते.

"मी, टीचर," हंसा म्हणाली.

"सुरतची होऊन मोगरी अने मोगरो नथी जाणती?"

मुली खदखदून हसल्या. टीचरांना उडवाउडवी सहन होत नसे आणि त्यांना वाटलं हंसाने थट्टा केली. त्यांनी तिला बागेतून काढलं. बागेच्या तासाला हंसाने वाचनालयात बसायचं, वार्षिक दिवसापर्यंत. आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं मोगरी. "ए मोगरी, डबा आणलास?" "मोगरी, तुझा भाव काय आज?" हंसा जीभ काढून दाखवायची. पहिला आठवडा ती माझ्याशी बोलत होती, तासाला अर्थही सांगत होती. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, सांग ना गं खरं. आणि ती, नंतर कळलं, वाट पाहत होती की तिने न म्हणता मी स्वतःच बोलेन. दुसऱ्या आठवड्यात तिने अर्थ सांगणं थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वाटेच्या कडेला मात्र फिकट जांभळी फुलं येऊन त्यांच्या बारीक, लांब, जांभळ्या शेंगा झाल्या होत्या. मी एकटी त्यांना पाणी घालत होते. इतकी जोमदार रोपं मी नंतर आयुष्यात लावली नाहीत.

अशाच एका संध्याकाळी अण्णा कामावरून आले ते हातात चिठ्ठी घेऊन. विणकाम खात्याच्या मास्तरांनी लिहून दिलेली. वाचायला दुसरं कोणी मिळालं नसतं असं नाही. त्यांनी ती मुद्दाम माझ्यासाठी घरी आणली होती. पाय धुऊन ते भिंतीला टेकून बसले, मायलाही बोलावून घेतलं. "वाच बेटा. मोठ्याने वाच." मी वाचलं. "काले खातुं बंध रहेशे. सांचा साफ करवाना छे. सवारे वहेला आवजो." अण्णांनी समाधानाने मान हलवली. "वा! आता तुझ्या मायला सांग, काय म्हणतोय मास्तर?"

हिंदीतलं 'कल' तरी आठवायला हवं होतं, पण घाबरलेलं डोकं एकाच वाटेने पळतं. मी म्हटलं, "काल खातं बंद होतं. साचे साफ केले. सकाळी वेळेवर येत जा."

"काल?" अण्णा म्हणाले. "काल तर मी दिवसभर मागापाशी उभा होतो गं. खातं बंद होतं तर मी होतो कुठे?" माय हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली, जणू चूक कागदाची असावी. मग हळू आवाजात म्हणाले, "काले म्हणजे उद्या. उद्या खातं बंद राहील, माग साफ करायचे आहेत, सकाळी लवकर या. तू वाचत होतीस तेव्हाच मला कळलं."

इतकी वर्षं त्या माणसांत काम करून अण्णांना गुजराती पुरतं कळत होतं, फक्त अक्षर ओळखता येत नव्हतं. पाट्या दाखवताना ते दुकानातला माल पाहून नाव सांगत आणि मी अक्षरं जुळवी. आम्हा दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. "तुला वाचता येतं, कळत नाही," ते म्हणाले. "मला कळतं, वाचता येत नाही. म्हणजे आपण दोघं मिळून एक शिकलेलं माणूस." त्यांनी ते हसवायलाच म्हटलं असावं. पण मला त्या दुकानदाराचं वाक्य आठवलं. मोगराना रोप काले आवशे. उद्या येतील. तो मला उद्या ये म्हणत होता! मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं, प्रवेशाच्या वेळचं पान, चणियो, गाडा-गाडी, हंसा.

माय चुलीपुढून उठून आली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आनि ती पोर तुनासाठे बोलनी खाई राहिनी? तीन आठवडा?"

मी म्हटलं, "खरं सांगितलं तर शाळेतून काढतील."

अण्णा बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत राहिले. ती अंगठ्याएवढी झाली. "काढलं तर नगरपालिकेच्या मराठी शाळेत नाव घालू," ते म्हणाले. "ती काय शाळा नाही?" पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ज्या माणसाने अख्ख्या कारखान्याला सांगितलं होतं त्याला ते वाक्य बोलायला काय पडलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. तुमची आई इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी नापास झाली तेव्हा कळलं. (हे तिने वाचताना गाळलं तर तिला परत वाचायला लावा.) "उद्या बागेच्या तासाला सांग," अण्णा म्हणाले. "सफाई आटोपली की मी फाटकापाशी येऊन उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली बागेत जमल्यावर मी टीचरांपुढे जाऊन उभी राहिले. इंग्रजीत सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, चुकाही झाल्या नसत्या. पण मी रात्रीच ठरवलं होतं की गुजरातीतच सांगायचं, कारण चूक तिथली होती. "टीचर," मी म्हटलं, "मोगरी में लाव्युं. हंसा नथी." वाक्य पार मोडकं होतं. मुली हसल्या, मग त्यांना अर्थ कळला आणि त्या गप्प झाल्या. टीचरांनी मला मोगरी का आणलीस असं विचारलं तेव्हा मात्र मला इंग्रजीचा आधार घ्यावा लागला. गाडा-गाडीपाशी पोहोचल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. हसत होत्या. मग कुणालातरी वाचनालयात पाठवून हंसाला बोलावलं.

हंसा आली. तिने मला मिठी वगैरे मारली नाही. कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाली, "अली, त्रण अठवाडियां! बोलायला तीन आठवडे लागतात?" मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "सॉरी तुझ्या मोगरीला घाल." आणि मला मोठ्या टीचरांच्या खोलीकडे नेत होते तेव्हा ती न बोलावता मागोमाग आली आणि दारातच सांगून मोकळी झाली की त्या दिवशी ती शिंप्याकडे गेली होती. तिला त्याबद्दल आठवडाभर वर्ग झाडायची शिक्षा झाली. ती तिने चणियो चांगला शिवला गेला होता म्हणून भोगली, असं तिचं म्हणणं.

मोठ्या टीचरांनी तेच पुस्तक काढलं, तेच पान. मी वाचलं. "अर्थ?" "अर्धा," मी म्हटलं. बैलाचीच गोष्ट होती, एवढं आता कळत होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी खरं ते बोलले, "तुम्ही अर्थ विचारला नव्हता." हे उद्धट वाटेल हे तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. "नव्हता विचारला," त्या म्हणाल्या. "ते खरं." मग त्यांनी निकाल दिला. बाकी विषयांना आठवी. गुजरातीच्या तासाला रोज तिसरीच्या वर्गात, तिथल्या मुलींबरोबर. एप्रिलमध्ये याच पानाचा अर्थ गुजरातीत लिहून दाखवायचा. नाही जमलं तर शाळा सोडायची.

इथे मी क्रम मोडते, कारण पुढचं सगळं त्या सकाळइतकं मला महत्त्वाचं वाटत नाही. एप्रिलमध्ये मी ते पान लिहिलं, सात चुका झाल्या आणि मला ठेवून घेतलं. वार्षिक दिवशी बाग उघडली. पाहुण्या सुरती बायका वाटेने चालता चालता मोगरी तोडून तोंडात टाकत गेल्या आणि प्रमुख पाहुणे विहिरीपाशी पोहोचेपर्यंत अर्धी कड भुंडी झाली. उरलेल्या शेंगा हंसाने आणि मी ओच्यात भरून घेतल्या. तिच्या घरी त्यांचं दही घालून रायतं झालं, आमच्याकडे पीठ पेरून भाजी. मोगऱ्याची खरी रोपं टीचरांनी नंतर आणवली. हंसा मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत फोनवर ती स्वतःचं नाव मोगरीच सांगत असे.

पण त्या सकाळी मी मोठ्या टीचरांच्या खोलीतून निघाले तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि अण्णा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. मागांच्या सफाईतून तसेच आलेले, कोपरापर्यंत काळं ग्रीस. हात कुठे ठेवावे ते न कळून त्यांनी ते अंगापासून दूर धरले होते. 

"तिसरीत," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. "तिसरीत? आठवीतून तिसरीत?"

"नाही हो अण्णा, फक्त गुजरातीला. बाकी आठवीच. पहिल्यापासून शिकवणार, शब्द आणि अर्थ दोन्ही."

 त्यांनी सायकलची सीट मनगटाने पुसली, परत पुसली. माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्या तिसरीच्या वर्गात मोठ्या माणसांना बसू देतात का गं?"

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी म्हटलं, "बाकं फार लहान आहेत, अण्णा."

"मग खाली बसू," ते म्हणाले.